उन्हात उडणारी, सुटणारी, तडकणारी लेबले : दोष कोणत्या थरात आहे ते कसे शोधावे

उघड्यावरच्या विद्युत पॅनेलचे लेबल वर्षाच्या आत वाचता येईनासे झाले, की बहुतेक कारखान्यांतून एकच मागणी येते : ‘या वेळी भारीतले द्या.’ पुण्याजवळच्या भोसरी, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यात हे काम करताना मी अशी भारीतली लेबलेही जुन्याच दोषाने गेलेली पुष्कळदा पाहिली आहेत. लेबल एक वस्तू दिसत असले, तरी त्यात छपाई, छपाईवरचे लॅमिनेशन (पारदर्शक आवरण), फिल्म (ज्यावर छापतात तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा), गम आणि खालचा पृष्ठभाग असे पाच थर एकमेकांवर अवलंबून असतात. त्यांतला कोणता थर आधी हरला हे न पाहता फक्त फिल्म महाग घेतली, तर पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. पुढील तपासण्या फुकटच्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत आणि त्या याच क्रमाने कराव्यात.

लक्षणे

पहिले लक्षण रंग उडण्याचे आहे. अक्षरांच्या कडा शाबूत असतात, बोट फिरवले तरी काही निघत नाही, पण लाल रंग आधी गुलाबी आणि मग पांढुरका होतो, आणि छपाईतला पिवळा गेल्यामुळे हिरवा निळसर दिसू लागतो. काळा मात्र पुष्कळ काळ टिकतो, कारण त्यातील कार्बन ब्लॅक हे रंगद्रव्य अतिनील किरणांना सहसा दाद देत नाही.

दुसरे लक्षण अक्षरे झडण्याचे. येथे रंग फिका होत नाही, तर अक्षराचा तुकडाच नाहीसा होतो, आणि दोन्ही लक्षणांत हे अधिक घातक आहे. एका पंप हाऊसबाहेरच्या आयसोलेटरवर (वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) इंग्रजी आठाचा आकडा होता. त्याची डावी बाजू झडली होती आणि उरलेला आकडा स्वच्छ, ठळक असा तीन दिसत होता. फिटरने तीन नंबरचा समजून तो बंद केला आणि तो तीन नंबरच्या पंपाकडे गेला. हात घालण्यापूर्वी टेस्टर लावण्याची सवय होती, म्हणून तो वाचला. फिके पडलेले लेबल पाहून माणूस निदान साशंक तरी होतो. अर्धवट झडलेला आकडा मात्र त्याला खात्रीने चुकीची माहिती देतो.

यानंतरची लक्षणे फिल्मची आणि गमची आहेत. कडा उचलल्या जातात, कोपरे आतल्या बाजूला वळतात, लेबलाभोवती धूळ बसलेली काळी चिकट चौकट दिसते, लॅमिनेशन दुधाळ होते किंवा त्यात फुगे येतात, किंवा सगळे लेबल सोलायला गेल्यावर भाजलेल्या पापडासारखे तुकडे होऊन हातात येते. ती काळी चौकट दिसली, की फिल्म आकसली आहे आणि तिच्या जुन्या कडेवरचा गम उघडा पडला आहे हे निश्चित समजावे.

पहिली तपासणी : सावलीतले लेबल शोधा

एकाच खेपेतले, एकाच दिवशी लावलेले, पण सावलीत असलेले लेबल शोधावे आणि दोन्हींचे फोटो शेजारी ठेवावेत. सावलीतलेही तितकेच खराब झाले असेल, तर दोष उन्हाचा नाही. तो घासण्याचा, रसायनाचा किंवा पृष्ठभागाचा आहे. पाच मिनिटांच्या या पाहणीमुळे निम्मा शोध संपतो, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

लेबल कोणत्या दिशेला आणि किती कलते आहे हेही लिहून ठेवावे. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैत ढगांचे छत्र असते, मेमध्ये ते नसते. म्हणून टाकीचे झाकण, जंक्शन बॉक्सची वरची बाजू आणि केबल ट्रेचे कव्हर अशा आडव्या पृष्ठभागांवरील लेबले सर्वांत आधी जातात. दक्षिणेकडील भिंतीला हिवाळ्यात कलते ऊन दिवसभर मिळते, तर पश्चिमेकडील पॅनेलला दुपारचे ऊन आणि तापलेला पत्रा अशी दुहेरी झळ बसते. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील ‘पाच वर्षे’ किंवा ‘सात वर्षे’ हा आकडा साधारणपणे उभ्या पृष्ठभागासाठी असतो आणि तो कोणत्या हवामानासाठी आहे तेही तेथेच बारीक अक्षरांत दिलेले असते. तो आकडा टाकीच्या झाकणाला लावणे चूक आहे.

दुसरी तपासणी : नख, ओले फडके, अल्कोहोल

ही तपासणी जागेवरच्या, विद्युतभारित भागांपासून दूर असलेल्या लेबलावर किंवा उरलेल्या रोलमधील लेबलावर करावी. कोऱ्या जागेवर नख जोरात ओढावे. काळी रेघ उमटली, तर तो डायरेक्ट थर्मल कागद आहे आणि पुढे काही तपासण्याची गरज नाही, कारण उष्णतेने काळा होणारा कागद उन्हात ठेवण्यासाठी बनवलेलाच नसतो. कुरियरच्या पाकिटासाठी योग्य असलेला हा कागद कारखान्याच्या आवारात, केवळ प्रिंटर हाताशी असतो म्हणून, वारंवार वापरला जातो.

रेघ उमटली नाही, तर अक्षरांवर नख घासावे. छपाई खरवडून निघाली, तर थर्मल ट्रान्सफर प्रिंटरमध्ये, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरवणाऱ्या प्रिंटरमध्ये, वॅक्स (मेणाच्या शाईची) रिबन असण्याची शक्यता मोठी आहे. वॅक्स रिबन स्वस्त असते आणि गोदामातील खोक्यांवर चांगले काम देते. उघड्यावर तिचे काम नाही. वॅक्स-रेझिन रिबन मधली आहे. ऊन, तेल आणि घासणे या तिन्हींसाठी शुद्ध रेझिन रिबनच घ्यावी. मात्र रेझिन रिबनला प्रिंट हेडची उष्णता जास्त लागते आणि ती प्रत्येक फिल्मवर सारखी बसत नाही. म्हणून रेझिन रिबन असूनही अक्षरे निघत असतील, तर नवीन रिबन मागवण्याआधी प्रिंटरचा डार्कनेस (हेडच्या उष्णतेची सेटिंग) वाढवून आणि वेग कमी करून पाच लेबले काढून पाहावीत. कित्येकदा दोष एवढ्यावर मिटतो.

शेवटी घासण्याची चाचणी करावी. विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकांत खुणांसाठी एक साधी कसोटी आहे : पाण्यात भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद आणि नंतर पेट्रोलियम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद हाताने घासायचे, आणि त्यानंतरही खूण सहज वाचता आली पाहिजे. कारखान्यात स्पिरिटऐवजी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तुमच्याकडे प्रत्यक्ष सांडणारा द्रव, म्हणजे डिझेल, कूलंट किंवा ट्रान्सफॉर्मर ऑइल, वापरतो. ठिणगी किंवा तापलेला भाग जवळ असेल तेथे हे करू नये.

तिसरी तपासणी : सोलून गम कुठे राहतो ते पाहा

एक कोपरा सावकाश, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढत सोलावा आणि गम कोणाकडे गेला ते पाहावे. माझ्या मते संपूर्ण शोधातील सर्वांत बोलकी तपासणी हीच आहे.

गम सगळाच्या सगळा लेबलासोबत आला आणि पत्रा कोरडा, स्वच्छ राहिला, तर गम पृष्ठभागाला कधी नीट धरलेलाच नव्हता. तेव्हा चौथ्या तपासणीकडे जावे. गम दोन्हींकडे अर्धा-अर्धा, तारा सुटत आला, तर तो उष्णतेने मऊ झाला आहे. रबरी गमाचे असेच होते, आणि उघड्यावरील कामासाठी ॲक्रिलिक गम मागावा. गम पत्र्यावरच राहिला आणि फिल्म त्यावरून सुटली, तर फिल्म आणि गम यांचे जमलेले नाही. तो पुरवठादाराचा दोष आहे, आणि ती पट्टी तशीच जपून त्याला दाखवावी. फिल्म तुकडे होऊन आली, तर बाकी काहीही असो, फिल्म बदलावीच लागेल.

चौथी तपासणी : पृष्ठभाग

लेबलाशेजारच्या कोऱ्या, स्वच्छ जागेवर पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी पसरून पातळ थर झाला तर ठीक. अळूच्या पानावर राहते तसे मण्यांसारखे गोळा राहिले, तर तेथे गमही पसरणार नाही. तेल, मेण किंवा सिलिकॉनचा अंश असेल तर असे होते, आणि पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर तर ते स्वभावतःच होते. पाण्याच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यांच्यावर साधे लेबल टिकत नाही यात नवल नाही. अशा पृष्ठभागांसाठी, ज्याला व्यवसायात ‘लो सरफेस एनर्जी’ म्हणतात तो वेगळा गम मिळतो. पावडर कोटिंगच्या काही प्रकारांनाही तोच लागतो, आणि खरखरीत पावडर कोटिंग असेल तर गमाचा थर जाड हवा, नाहीतर तो फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो.

जुन्या रंगावर बोट घासून पाहावे. बोटाला पांढरी किंवा रंगीत भुकटी लागली, तर उन्हाने रंग विटला आहे आणि तुमचे लेबल पत्र्याला नव्हे, त्या भुकटीला चिकटलेले आहे. ती भुकटी निघेपर्यंत पुसून, गरज पडल्यास तेवढी जागा पुन्हा रंगवून आणि रंग पूर्ण सुकवूनच लेबल लावावे.

पुसण्यासाठी अर्धे पाणी आणि अर्धे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. कापड स्वच्छ, धागे न सोडणारे घ्यावे, एकाच दिशेने पुसावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. शॉप फ्लोअरवरच्या कॉटन वेस्टने पुसले, तर जे तेल काढायचे तेच पसरते.

पाचवी तपासणी : लावले कसे आणि धुतले कशाने

गम दाबाने चिकटतो, आणि तो पूर्ण ताकदीला येण्यासाठी साधारण २४ ते ७२ तास लागतात. लेबल लावून त्याच संध्याकाळी प्रेशर जेट मारला, तर पाणी कडेतून आत शिरते आणि ती कड पुन्हा कधी नीट बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरते आणि पत्र्यावर दव असते, तेव्हा सकाळी दहानंतर काम करावे. उन्हाळ्यात याच्या उलट. मेमध्ये दुपारी दोन वाजता एका पश्चिमाभिमुख गडद राखाडी पॅनेलचा पत्रा मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजला तेव्हा तो ६० अंशांच्या वर होता. अशा पत्र्यावर गम टेकताक्षणी पकडतो, वाकडे लागलेले लेबल सरळ करता येत नाही आणि खाली अडकलेल्या हवेचे फुगे होतात. त्या ऋतूत सकाळी लवकर लावावे. अंगठ्याने दाबण्याऐवजी प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत जावे. कोपरे गोलाकार कापून मागवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातूनच लेबल उचलायला सुरुवात होते.

धुण्याबद्दल विचारताना सुपरवायझरला न विचारता प्रत्यक्ष सफाई करणाऱ्या माणसाला विचारावे. आपल्याकडे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रे घासूनपुसून लख्ख केली जातात आणि त्यासाठी पुष्कळ ठिकाणी थिनर वापरला जातो. पूजा मनोभावे व्हावी, तिला माझीही साथ आहे. पण थिनरचा एक हात फिरला की वॅक्स रिबनची छपाई तर जातेच, चांगल्या लेबलांच्या कडाही फुगतात. एका ठिकाणी दरवर्षी दिवाळीनंतरच लेबलांची मागणी येत असे आणि सगळेजण ऊन जास्त असल्याचे कारण देत. ऑक्टोबरमध्ये तेथे जाऊन उभा राहिलो तेव्हा थिनरचा डबा दिसला. तेव्हापासून तेथे लेबलांभोवती साबणाच्या पाण्याने पुसतात आणि हळद-कुंकवाची बोटे पॅनेलच्या दाराच्या मोकळ्या भागावर उमटवतात.

सहावी तपासणी : खरेदीचे बिल

बिलावर फक्त ‘वॉटरप्रूफ स्टिकर’ लिहिलेले असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. पाण्यात न भिजणे आणि उन्हात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्म कोणती, गम कोणता, रिबन किंवा शाई कोणती आणि लॅमिनेशन अतिनील किरण अडवणारे आहे की नाही, ही चार उत्तरे पुरवठादाराकडून लेखी घ्यावीत.

फिल्मबद्दल थोडक्यात सांगायचे तर साधे पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर ठिसूळ होते. व्हिनाइलमध्ये मोनोमेरिक कॅलेंडर्ड (रुळांमधून दाबून काढलेला) प्रकार स्वस्त आणि आकसणारा, पॉलिमेरिक त्याहून बरा आणि कास्ट सर्वांत स्थिर असतो. कास्ट फिल्म ओतून बनवलेली असल्यामुळे तिच्यात ताण साठलेला नसतो आणि ती वळणदार पाइपवरही शांत बसते. पॉलिएस्टर मजबूत आणि उष्णतेला चांगले, पण बाहेर वापरायचे तर अतिनील-रोधक प्रकारच घ्यावा. बारीक पाइपभोवती ते ताठपणामुळे उलगडते. पीव्हीएफचे (पॉलिव्हिनाइल फ्लोराइड या प्लास्टिकचे) लॅमिनेशन महाग आहे, पण ऊन आणि रसायने दोन्ही असतील तेथे मी ते आग्रहाने सुचवतो. लॅमिनेशन छपाईपेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे असावे, म्हणजे कडेने पाणी शाईपर्यंत पोचत नाही.

रंगाची रचना कागदावरच सुधारता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. लाल अक्षरांत लिहिलेला ‘धोका’ हा शब्द सर्वांत आधी नाहीसा होतो. शब्द आणि आकडे काळ्यात ठेवावेत. लाल किंवा पिवळा हवा असेल तेथे पांढऱ्या फिल्मवर छापण्याऐवजी मुळातच त्या रंगाची फिल्म घ्यावी, कारण तिच्यात रंगद्रव्य संपूर्ण जाडीत मिसळलेले असते.

सातवी तपासणी : छतावरचा नमुना

मोठी खरेदी करण्यापूर्वी तीन पुरवठादारांची लेबले तुमच्याच पॅनेलच्या रंगाच्या एका पत्र्यावर लावावीत, प्रत्येकाचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाकावा, तारीख कोरावी आणि पत्रा छतावर दक्षिणेकडे किंचित कलता ठेवावा. मार्चच्या सुरुवातीला ठेवून जूनमध्ये फॉइल काढली, की झाकलेला आणि उघडा भाग यांतील फरक कोणालाही दिसतो. नंतर तोच पत्रा पावसाळाभर राहू द्यावा, म्हणजे गमाचीही परीक्षा होते.

एवढा वेळ नसेल आणि लेबले हजारोंनी घ्यायची असतील, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झेनॉन आर्क किंवा फ्लोरोसेंट यूव्ही या कृत्रिम उन्हाच्या दिव्यांखाली चाचणी करून घ्यावी. एएसटीएम जी १५५ आणि जी १५४ ही त्यांची रूढ मानके आहेत. त्या यंत्रातील तासांचे उघड्यावरील वर्षांत सरळ रूपांतर होत नाही. दोन लेबलांत उजवे कोणते, एवढेच त्यातून भरवशाने ठरते.

शेवटचा उपाय : धातूची पट्टी

सगळे करूनही दोन वर्षे निघत नसतील, तर स्टिकर सोडून द्यावा. फोटो पद्धतीने बनवलेल्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियममध्ये काळे चित्र ऑक्साइडच्या थराच्या आत बंद झालेले असते, म्हणून ते घासून जात नाही आणि उन्हाने उडत नाही. वरून फक्त स्क्रीन प्रिंट केलेली ॲल्युमिनियमची पट्टी दिसायला तशीच असते, पण तिची शाई उघडी असते. हा फरक मागणीपत्रात स्पष्ट लिहावा. स्टेनलेस स्टीलवरील एचिंगमध्ये (रसायनाने कोरलेल्या अक्षरांत) भरलेला रंग कालांतराने गेला, तरी खोदलेले अक्षर बोटाला लागते. पट्टी बसवण्यासाठी पॅनेलच्या पत्र्याला मात्र भोक पाडू नये. त्या एका रिव्हेटने धूळ-पाण्यापासूनचे आयपी संरक्षण जाते आणि पावसाचे पाणी बसबारपर्यंत (आतल्या विद्युतभारित धातूच्या पट्ट्यांपर्यंत) पोचू शकते. पट्टी औद्योगिक ॲक्रिलिक फोम टेपने लावावी किंवा बाहेरच्या ब्रॅकेटवर रिव्हेट करावी.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

झडलेले लेबल कोणत्या फीडरचे (वीज पुरवणाऱ्या लाइनचे) हे ड्रॉइंगवरून निश्चित होत नसेल, तर अंदाजाने नवीन लेबल लावू नये. परवानाधारक विद्युत पर्यवेक्षकाकडून सर्किट तपासून घ्यावे आणि तोपर्यंत त्या जागी ‘ओळख निश्चित नाही’ असा टॅग टांगावा. चालू पॅनेलचे दार उघडून आतली लेबले बदलणे हेही त्याचेच काम आहे.

धोका फलक हा साध्या लेबलाचा विषय नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत २५० व्होल्टच्या वरील मांडणीवर कवटी आणि हाडांचे चिन्ह असलेला, आयएस २५५१ प्रमाणे बनवलेला फलक हिंदी किंवा इंग्रजीसोबत जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, ठळक जागी आणि कायमस्वरूपी लावण्यास सांगितले आहे. त्या जागी स्टिकर चिकटवून वेळ मारून नेऊ नये.

प्रेशर व्हेसलची नेमप्लेट, क्रेनवरील सुरक्षित भाराची पाटी आणि ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रातील उपकरणांची प्रमाणन पट्टी यांना हात लावू नये, त्या झाकू नयेत, आणि तसाच मजकूर छापून स्वतः नवीनही लावू नये. त्या फिक्या झाल्या असतील, तर उत्पादकाला किंवा सक्षम तपासनीसाला कळवावे. ज्वालाग्राही क्षेत्रात तर मोठे प्लास्टिक लेबल कोरड्या कापडाने पुसतानाही स्थिर विद्युत साठू शकते. म्हणून तेथे नवीन लेबलाचा आकार आणि साहित्य त्या क्षेत्राच्या सुरक्षा अधिकाऱ्याने लेखी मान्य केल्याशिवाय गमावरचा कागद सोलू नये.